कोरा कागद

उलानबातरमधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात
मी तराजू सांभाळतो.
एकोणीस हिवाळे झाले.
तराजू असा, की पापणीचा केस ठेवला
तरी बराच वेळ विचार करतो,
आणि वरच्या मजल्यावर दार आपटलं तर रुसतो.

यंदा एक नवा वर्ग निघालाय. त्याला स्वतःची खोली नाही.
सोमवारी रसायनवाले जागा देतात, गुरुवारी नर्सिंगवाले,
बाकी दिवस तो जिन्यात भरतो.
चौदा मुलं, पाच शाखांची,
आणि एकाच धुराला प्रत्येकाचा वेगळा शब्द.
सोलोंगो म्हणते वस्तुमान.
नर्सिंगची मुन्खझुल म्हणते मात्रा.
अर्थशास्त्राचा दाशन्याम म्हणतो खर्च, आणि पुढचं सगळं
तोंडातल्या तोंडात.
पहिले तीन आठवडे नुसते शब्दांवरून भांडले.
मी म्हणालो, माझ्यापर्यंत येतं ते वजनच होऊन येतं.
तराजूवाल्याचं कोण ऐकतं.

मग टेकडीवरच्या वस्तीत गेले,
नमद्याच्या गोल घरांत. चाळीस घरं.
घरोघरी चुली, त्या इथे लोखंडाच्या.
बाहेर उणे तेहेतीस.
मुन्खझुल घड्याळ धरून तान्ह्याच्या छातीची
उठबस मोजते.
दाशन्याम कोळशाची पोती मोजतो, मग उधारी.
स्थापत्यवाला दाराच्या फटीशी तळहात धरून म्हणतो, ही बुजवू.
सोलोंगो म्हणते, मग धूर जाईल कुठे?
आणि थंडी? मुन्खझुल वर न बघता विचारते.
फट तशीच राहिली.
घरच्या बाईनं मिठाचा चहा ओतला, म्हणाली,
तुमच्यातल्या कुणाला चूल पेटवता येते का?
कुणालाच येत नव्हती.

कागद परत आले.
गेले तेव्हा पांढरे, आले तेव्हा राखाडी,
काही तर तव्याच्या बुडासारखे.
चिमट्यानं उचलायचा, तीनदा तोलायचा,
श्वास धरून.
आणि त्यांच्यासोबत एक कोरा.
कोऱ्याचं काम एवढंच: मेळ्यात असायचं,
पण हवा प्यायची नाही.
बाकीच्यांचं खरं-खोटं त्याच्यावरून ठरतं.

कोरा जड निघाला.

पुन्हा तोलला. पुन्हा.
सोलोंगोचे डोळे भरले, म्हणाली, सगळं बाद.
कुणी म्हणालं, तराजू म्हातारा झालाय.
तेव्हा मला बोलावंच लागलं.

तराजू ठीक आहे.
कोरा माझ्याकडे होता. शनिवारी तळघराचं हीटिंग बंद पडलं,
म्हणून डबी कोटाच्या खिशातून घरी नेली.
त्याच टेकडीवर, दोन गल्ल्या वर.
नात विचारते, आजोबा, तुम्ही दिवसभर काय तोलता?
धूर, म्हणालो.
दाखवा.
धूर कुठून दाखवू? डबी उघडली.
गोल, पांढरा कागद.
अनुजिन वाकून वाकून बघते. यात काहीच नाही, म्हणाली.
खरंच नव्हतं.
चहा उकळेपर्यंत डबी चुलीशेजारी उघडीच राहिली.
मी विसरलो. एवढंच.

जिन्यात कुणी बोलेना.
नोकरी गेली, असं मला वाटलं. किल्ल्या खिशातून काढून
हातात धरल्यासुद्धा.
दाशन्यामनं वहीचं नवं पान उलटलं,
वर लिहिलं: घर क्रमांक एक्केचाळीस.
पोती किती, त्यानं विचारलं.
मुन्खझुल एक पायरी खाली सरकली.
रात्री खोकतं कोण?

एकोणीस हिवाळे लोक माझ्याकडे
दशांशानंतरचे आकडे मागत आलेत.
हे कुणी मागितलं नव्हतं.
मी आधी अनुजिनचं नाव सांगितलं.
मग, किल्ल्या परत खिशात टाकत,
माझं.